१८ इंची चाकं उतरवून १६ इंची लावली : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी वरच्या व्हेरिएंटची घेतली, त्यामुळे १८ इंची अलॉय आपोआप पदरात पडले. टायर २२५/४० आर १८. दिसायला झकास, त्याबद्दल वादच नाही. पण रस्त्यावरची बारीकसारीक कडसुद्धा थेट कंबरेला कळायची. ज्याला विचारावं तो म्हणे, सस्पेन्शनच कडक आहे. मला ते पटत नव्हतं, कारण मोठ्या गतिरोधकावरून हीच गाडी अगदी अलगद उतरायची. त्रास होता तो फक्त आखूड, टोकदार गोष्टींचा. पुलावरचे जॉइंट, डांबराचे ठिगळ, रस्त्यापेक्षा खाली बसलेली गटारांची झाकणं. त्यातच एका टायरला बाजूने फुगा आला आणि तो बदलावा लागला, तेव्हा विचार पक्का झाला. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनी २०५/५५ आर १६ देते. तोच आकार घेतला.

आकड्यांकडे जरा नीट बघण्यासारखं आहे. २२५/४० मधला २२५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के उंची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत ९० मिलिमीटर. २०५/५५ मध्ये हीच उंची जवळपास ११३ मिलिमीटर होते. एका बाजूला २३ मिलिमीटर जास्त रबर आणि हवा. पण टायरचा बाहेरचा व्यास ६३७ वरून ६३२ इतकाच उतरतो, म्हणजे एक टक्काही फरक नाही. ‘मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं’ असं नेहमी ऐकू येतं. ते खरं आहे, पण ते बाहेरच्या व्यासाबद्दल. रिम मोठी केली आणि तेवढंच रबर कमी केलं, तर खड्ड्याला चाक तेवढंच दिसतं, मधली गादी मात्र पातळ होते.

गतिरोधकाचा हेलकावा स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर सांभाळतात. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होतं, तेवढ्या संथ हालचाली हे त्यांचं काम. जॉइंटची कड मात्र चाकाखालून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते. तिथे आधी दबायचं ते टायरने, आणि टायर दबला नाही तर धक्का चाकासकट वर येतो. चाक जितकं जड तितकं ते आवरणं शॉक अब्सॉर्बरला अवघड. माझ्या जुन्या आणि नव्या चाकांत, टायर धरून, एकेका चाकामागे तीन किलोंच्या आसपास फरक निघाला.

आता प्रत्यक्ष फरक. जॉइंटवर पूर्वी ‘टक्’ असा कोरडा आवाज आणि स्टिअरिंगमध्ये झिणझिण यायची. आता ‘धप्’ असा दबका आवाज येतो आणि हाताला जवळपास काही लागत नाही. मातोश्री मागच्या सीटवर बसतात, त्यांना टायर बदललेत हे सांगितलंच नव्हतं. त्यांनी दोन दिवसांनी विचारलं, ‘रस्ता नवा केला का रे?’ माझ्या लेखी हीच सगळ्यात विश्वासार्ह चाचणी.

नवे टायर कोणतेही असोत, सुरुवातीला मऊच वाटतात, ही शंका मलाही होती. म्हणून मध्ये काही दिवस १८ इंची संच परत चढवून बघितला. त्यावरचे टायर निम्मेसुद्धा झिजलेले नव्हते. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे, म्हणजे कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला ते, पाहिले तर तेही फार जुने नव्हते. म्हणजे रबर कडक झालं असेल ही सबब नाही. पहिल्याच ठिगळावर जुना दणका हजर.

पण सगळं श्रेय आकाराला देऊ नका. मी मुद्दाम टूरिंग प्रकारचा, म्हणजे आरामाकडे झुकणारा टायर निवडला. त्याच आकारात स्पोर्टी टायर घेतला असता तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कडक मिळाली असती आणि निम्मा फायदा तिथेच गेला असता. ‘एक्सएल’ म्हणजे जास्त भार पेलणारे टायरही बहुधा ताठ असतात. गाडीला गरज नसेल तर मी टाळेन, मात्र कंपनीने सांगितलेल्या लोड इंडेक्सच्या, म्हणजे टायर किती भार पेलतो त्या आकड्याच्या खाली अजिबात जाऊ नये. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतील तर आरामाच्या बाबतीत फार आशा धरू नका. टायरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकच मॉडेल वेगळ्या आकारात वेगळं वागतं आणि लोक नाव वाचून थेट दुकान गाठतात.

हवेबद्दल मात्र सगळ्यांना सांगेन. टायरवाले सवयीने ठरावीक आकडा भरतात, तोही गाडी पळून टायर गरम झालेला असताना. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा थंड टायरसाठी असते. माझ्या गाडीत तीन-चार पीएसआय जास्त हवा असली की १६ इंचीसुद्धा उड्या मारायला लागते. बाहेरचं तापमान दहा अंशांनी बदललं तरी एक-दीड पीएसआयचा फरक पडतो. आरामासाठी स्टिकरपेक्षा कमी हवा ठेवायचा मोह होतो, पण टायर तापतो, कडा झिजतात आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते. ते नकोच.

गमावलं काय? वळणात गाडी पूर्वी स्टिअरिंग हलवताच वळायची, आता आधी टायर किंचित झुकतो आणि मग गाडी वळते. हायवेला भरधाव लेन बदलताना हे जाणवतं. दोन-तीन आठवड्यांत हात सरावले, पण घाटात मजा कमी झाली हे मान्य. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर उलट अरुंद टायर बरा, पाण्यावर तरंगायची शक्यता कमी. केबिनमधली घरघर कमी झाली, पण खडबडीत सिमेंट रस्त्यावर थोडी आहेच. टायरच्या युरोपियन लेबलवरचा डेसिबलचा, म्हणजे आवाजाचा आकडा बघून टायर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तो आवाज गाडीबाहेर मोजलेला असतो. आत किती येईल ते त्यावरून कळत नाही.

आणि दिसणं. चाकांच्या कमानीत गाडी थोडी पोकळ दिसते. मला आता काही वाटत नाही, शेजाऱ्याला अजून वाटतं.

खरेदीआधी एक गोष्ट जरूर तपासा. पुढच्या ब्रेकची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर मोठे असतील तर १६ इंची रिम त्यावर बसतच नाही. शिवाय बोल्टचं अंतर, मधलं भोक आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) हे तिन्ही जुळायला हवं. रिम बसत नसेल किंवा वळणांची हौस असेल, तर याच व्यासाला जुळणारा २२५/४५ आर १७ मधला मार्ग आहे. त्याची साइडवॉल १०१ मिलिमीटर असते. घाटरस्त्याने रोज जाणं-येणं असतं तर मी कदाचित तोच घेतला असता.