मशरूमचं किट : काही महिने वापरून झाल्यावर

माझ्या किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त पाणी फवारा’. काही महिने एकामागून एक किट्स वाढवल्यावर त्यातला ‘फक्त’ मी खोडून टाकेन. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घरात बिघडतं ते बहुतेक वेळा हवेपायी, आणि हवेबद्दल आतल्या माहितीपत्रकात जेमतेम एक ओळ होती.

किटमध्ये आपण नक्की काय विकत घेतो? पेंढा किंवा लाकडाचा भुसा तापवून त्यातले बाकीचे जंतू मारतात, मग त्यात स्पॉन, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, मिसळतात. दोन-तीन आठवड्यांत कवकाचे धागे सगळा भुसा व्यापतात आणि पिशवीत पांढराफटक, घट्ट ठोकळा तयार होतो. आपल्या हाती पडतो तो हा ठोकळा. माल सडण्याची सगळ्यात जास्त भीती असते तो टप्पा दुसऱ्याने निस्तरलेला असतो, आणि नवख्या माणसाने किट घ्यावं ते त्यासाठीच. पुढेमागे स्वतः बेड भरायचा, म्हणजे पेंढा आणि स्पॉन पिशवीत भरून असा ठोकळा घरी करायचा, विचार असला तरी आधी एखादं किट वाढवून बघा. निरोगी ठोकळ्याला ओल्या लाकडासारखा, ताज्या मशरूमसारखा वास येतो. तो एकदा नाकात बसला की आंबूस वास लगेच ओळखता येतो.

आता हवेचं. एकाच खेपेचे दोन ठोकळे मी मुद्दाम दोन जागी ठेवून पाहिले. एक दार लावलेल्या लहान खोलीत, दुसरा खिडकीपासून थोडा आत, ऊन येत नाही पण वारा खेळतो अशा ठिकाणी. खिडकीजवळ रुंद, भरदार छत्र्या आल्या. बंद खोलीत देठ लांबच लांब आणि टोकाला बटणाएवढी छत्री. कवक आपल्यासारखाच प्राणवायू घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. ऑयस्टरला हा कार्बन डायऑक्साइड साधारण १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग) खाली लागतो; मोकळ्या हवेत ४००च्या थोडा वर असतो, बंद खोलीत मात्र बघता बघता वाढतो. निसर्गात हे मशरूम मेलेल्या लाकडावर येतं. लाकडाच्या आत हा वायू कोंडलेला असतो, म्हणून तो कमी होईपर्यंत देठ वाढतच राहतो आणि छत्री उघडत नाही. देठाच्या बुडाशी पांढरी लव दिसली तर तीही कोंडलेल्या हवेचीच खूण. ती त्याच कवकाची असते, बुरशी लागली म्हणून फेकून देऊ नका.

गोची अशी की त्याला ८० ते ९५ टक्के आर्द्रताही हवी असते. प्लास्टिक घट्ट झाकलं की ओल टिकते पण हवा कोंडते. उघडं टाकलं की टाचणीच्या डोक्याएवढे कोंब पिवळे पडून तिथल्या तिथे वाळतात. पंख्याखाली तर हमखास. मला जमलेला उपाय साधा आहे : भोकं पाडलेली मोठी पारदर्शक पिशवी सैलसर टोपीसारखी वर ठेवायची, दिवसातून दोन-तीनदा उचलून हवा द्यायची आणि फवारा पिशवीच्या आतल्या बाजूला मारायचा. थेट छत्र्यांवर मारलेलं पाणी तसंच साचून राहिलं तर त्यांवर पिवळट तपकिरी डाग पडतात. हा जिवाणूंचा रोग आहे. किटसोबत आलेल्या बाटलीतून धुकं येतच नाही, टपोरे थेंब पडतात. ती बाटली बाजूला ठेवा आणि एक साधा आर्द्रतामापक घ्या. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे हा मापक.

उजेडाचं फार मनावर घेऊ नका. पुस्तक वाचता येईल इतका पुरतो.

जात मात्र ऋतू बघून निवडा. गुलाबी ऑयस्टर २० ते ३० अंशांत झपाट्याने येतं पण थंडी त्याला अजिबात सोसत नाही. राखाडी ऑयस्टर गारव्यात खुलतं. बटण मशरूमचं किट पहिल्यांदा घेऊच नये असं माझं मत. त्याला वरून मातीचा थर लागतो आणि फळधारणेच्या वेळी तापमान १५ ते १८ अंशांच्या आसपास सांभाळावं लागतं.

कोंब दिसल्यानंतर वेग थक्क करतो. आज सकाळी नखाएवढं असलेलं उद्या दुप्पट. छत्रीची कड सपाट व्हायला लागली, अजून वर वळलेली नाही, तेव्हाच अख्खा घोस पिरगाळून काढायचा. उशीर केला की छत्र्या कडक होतात आणि खाली पांढरी भुकटी साचते. हे बीजाणू. ऑयस्टर ते भरमसाट सोडतं आणि ते श्वासात गेले की काहींना खोकला, ॲलर्जी होते. घरात कुणाला दमा असेल तर ठोकळा झोपायच्या खोलीत ठेवू नका. खोक्यावर याची सूचना असायला हवी होती. ती कुठेही नाही.

उत्पन्नाबद्दल खोक्यावर ‘तीन बहर’ लिहिलं होतं, आणि तीन आले हे खरं. पण पहिला भरघोस, दुसरा साधारण निम्मा आणि तिसरा चवीपुरता. दोन बहरांमध्ये आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्यात ठोकळा काही तास पाण्यात बुडवून निथळला तर दुसरा बहर बरा येतो. ताज्या मशरूममध्ये सुमारे नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे टोपलीभर दिसणारं तव्यावर मूठभर होतं. रोजच्या स्वयंपाकाची गरज यातून भागणार नाही. चव मात्र तोडल्या दिवशी वेगळीच लागते.

तिसऱ्या बहरानंतर, कधी त्याआधीही, ठोकळ्यावर हिरवे ठिपके येतात. हा ट्रायकोडर्मा, म्हणजे बाहेरून शिरलेली दुसरीच बुरशी. तो आधी पांढराच असतो, हिरवा दिसतो तेव्हा त्याचे बीजाणू तयार झालेले असतात; अशा वेळी ठोकळा खरवडत न बसता लगेच घराबाहेर न्या. पिशवीत साचणाऱ्या पिवळसर द्रवाला मात्र एवढं घाबरायचं कारण नाही. संपलेला ठोकळा चुरून कंपोस्टमध्ये छान जिरतो.

घेताना पिशवीवर ठोकळा तयार झाल्याची तारीख बघा. नुसती ‘अमुक महिन्यांपर्यंत वापरा’ अशी ओळ असेल तर दुसरं किट शोधा. उबेत फार दिवस पडून राहिलेल्या ठोकळ्यात पिशवीच्या आतच कोंब फुटतात आणि प्लास्टिकला दबून वेडेवाकडे होतात. असे दिसले तर ते काढून टाका, मग मशरूम बाहेर यायला पिशवीला चीर द्या. आणि किट आणल्यावर आठवडाभरात सुरू करणं जमणार नसेल तर ते फ्रिजमध्ये ठेवा. गुलाबी जात असेल तर तेही नको, वेळ असेल तेव्हाच मागवा.