रात्रीची आवराआवर: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

झोपण्यापूर्वी घर आवरण्याच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. भांडी, ओटा, हॉल, झाडलोट, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, सोफ्यावरच्या उशा नीट लावणं, सगळं एका दमात. अशीच एक लांबलचक यादी घेऊन मी सुरुवात केली. सात-आठ महिन्यांनंतर त्यातलं निम्म्याहून कमी उरलंय. पण जे उरलंय ते दमलेल्या दिवशीही होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

यादी गाळताना प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला: हे रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी वाढलेलं असेल का? धूळ एका रात्रीत जाणवण्याइतकी साचत नाही. घडी न घातलेले कोरडे कपडे सकाळीही तेवढेच असतात. पण खरकटी भांडी, ओलं फडकं, मशीनमध्ये राहिलेले ओले कपडे आणि बाहेर राहिलेलं अन्न यांचं तसं नाही. त्यांना रात्रभर सोडलं की सकाळी दुप्पट कष्ट पडतात. रात्रीचा वेळ आधी या चौघांना. बाकीचं दिवसा, सुट्टीच्या दिवशी, जमेल तेव्हा.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो, कारण खरा फायदा तिथेच आहे. पिठूळ पदार्थ भांड्याला वाळून चिकटले की घासून घासून हात दुखतात; तेच भांडं भिजत ठेवलं तर सहज निघतं. दूध किंवा अंडं लागलेलं भांडं आधी गार पाण्यानं विसळावं. गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं घट्ट होऊन भांड्याला धरून बसतात. तेलकट भांड्यांचं बरोबर उलट, त्यांना गरम पाणी आणि साबण हवा. एवढं कळल्यापासून भांडी घासायचा वेळ खरोखर कमी झाला. शेगडीचंही तसंच. गॅस बंद करून ती हाताला सोसेल इतकी कोमट झाली की लगेच पुसायची. उडालेलं तेल एका ओल्या फडक्यानं निघून जातं. ते तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तापलं, की त्याचा चिवट पिवळा थर बसतो आणि मग घासणी घेऊन उभं राहावं लागतं.

उरलेल्या अन्नाबाबत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि थंड ठेवायचं ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोल पातेल्यातलं अन्न मधोमध फार हळू निवतं, म्हणून ते पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवतो. जेवण झालं की पहिलं काम हेच, भांड्यांच्याही आधी. पातेली रिकामी झाली की ओट्यावर हात हलवायला जागा होते, हा वेगळा फायदा.

सिंक कोरडं करणं हे काम मला सुरुवातीला निव्वळ दिखाऊ वाटलं होतं. आता ते सोडायचा विचारही करत नाही. झुरळं रात्री बाहेर पडतात. खाण्याशिवाय ती काही आठवडे काढू शकतात, पाण्याशिवाय तेवढी टिकत नाहीत. त्यामुळे खरकटं काढणं जितकं महत्त्वाचं, तितकंच रात्री सिंकमध्ये आणि ओट्यावर पाणी न ठेवणंही. कचऱ्याचा डबा झाकायचा, जेवायच्या जागेखालचे कण उचलायचे, शेवटी सिंक पुसायचं. आमच्याकडे झुरळं पूर्ण गेली असा दावा करणार नाही, पण रात्री पाणी प्यायला उठल्यावर ओट्यावर पळापळ दिसायची, ती आता दिसत नाही.

शेवटी फडकं. चुरगळून नळावर टाकलेलं फडकं सकाळपर्यंत ओलंच राहतं आणि ओलाव्यात जंतू वाढतात. त्याच फडक्यानं सकाळी ओटा पुसला की रात्रीच्या मेहनतीवर पाणी पडतं. धुऊन, घट्ट पिळून, पूर्ण पसरून वाळत टाकायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. घासणीचंही पाणी झटकून ती उभी ठेवायची.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. मशीन लावायची ती आपण जागे असताना संपेल अशीच. ओल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. धुण्यातून तो पुरता जात नाही आणि कपडे फार वेळ ओले राहिले की वाढतो. रात्री झोपताना मशीन सुरू करून सकाळी कपडे काढायचे, ही अनेक याद्यांमधली सूचना मी म्हणूनच काढून टाकली.

आता वेळेबद्दल. माझ्या मते सगळा प्रयोग इथेच तरतो किंवा बुडतो. बहुतेक जण 'झोपायच्या आधी' असं ठरवतात. ती वेळ रोज सरकते आणि तोवर अंगात त्राण उरलेलं नसतं. आम्ही जेवून उठल्यावर, कुठेही बसायच्या आधी, असं ठरवलं. एकदा सोफ्यावर टेकलं की पुन्हा उठून आवरणं दसपट जड जातं. जेवण रोज होतंच, त्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास याच धर्तीचा आहे. रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला जोडलेली नवी कृती अंगवळणी पडायला तिथे सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मला हा भाग सगळ्यात धीर देणारा वाटला. पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, उशीर झाला, की त्या रात्री काही होत नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झालं की पुन्हा सुरू. साधारण तिसऱ्या महिन्यापासून कुणी कुणाला आठवण करणं थांबलं.

घरातल्यांना सामील करायचं तर 'आपापला पसारा आवरा' यानं काही होत नाही. कामाला शेवट दिसला पाहिजे. एकानं अन्न काढून ठेवायचं, एकानं भांडी, एकानं ओटा-शेगडी. मुलीला हॉल आवरायला सांगितलं की ती मधोमध उभी राहायची. "जमिनीवरचे ठोकळे या डब्यात," एवढंच सांगितलं तर पाच मिनिटांत येऊन विचारते, "बाबा, झालं, आता काय?" आता काही नाही, खेळ. तिथे आणखी एक काम जोडायचा मोह होतो, तो मी कटाक्षानं टाळतो. शेवट दर वेळी पुढे सरकतो असं दिसलं तर उद्या ती येणारच नाही.

भटक्या वस्तूंसाठी टोपली ठेवण्याची सूचना खूप लोकप्रिय आहे. हॉलमधलं सगळं तिच्यात टाकायचं की खोली क्षणात मोकळी दिसते. माझं मत संमिश्र आहे. टोपली लहान असेल आणि सकाळी रिकामी होत असेल तर उत्तम. मोठी असेल तर दोन आठवड्यांत तिच्या तळाशी काय आहे ते कुणालाच आठवत नाही. आमची मोठी टोपली गेली, लहान राहिली.

शेवटची पाच मिनिटं उद्यासाठी: किल्ल्या, चार्जर, पिशव्या जागेवर, आणि उद्याच्या कामांची कागदावर छोटी यादी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, पण मला फरक जाणवतो. अंथरुणात पडल्यावर 'अमुक राहिलं का' हा फेरा बंद झाला.

यातून काय मिळणार नाही, तेही सांगायला हवं. घर स्वच्छ होत नाही, फक्त सकाळी वापरायला तयार असतं. बाथरूम, पंखे, जाळी, फ्रिजचे कप्पे या सगळ्याला आठवड्याचा वेळ द्यावाच लागतो. घरात तान्हं बाळ असेल, कुणाची शुश्रूषा चालू असेल, तर एवढंही जड होईल. तेव्हा अन्न फ्रिजमध्ये, भांड्यांतलं खरकटं काढून ती भिजत, आणि फडकं वाळत, एवढ्यावर थांबावं. रात्रपाळी असेल तर हाच क्रम दिवसाच्या मोठ्या झोपेआधीच्या जेवणाला जोडावा. घड्याळाशी त्याचा संबंध नाही.

कागदांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. बिलं, शाळेच्या सूचना, पावत्या रात्रीत वाढत नाहीत, म्हणून माझ्या नियमानं त्या यादीबाहेर राहतात आणि टेबलाच्या कोपऱ्यात आठवडाभर साचतात. सध्या शनिवारी सकाळचा चहा त्यांना जोडून पाहतोय. काही महिन्यांनी त्याबद्दलही लिहीन.