मट आणि व्हिम, आठ महिन्यांनंतर: पेस्ट केलेला मजकूर बिघडतो कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात आठ महिन्यांपासून रोजचा ईमेल मटवर चालतो आणि पत्रं व्हिममध्ये लिहिली जातात. मट हा ईमेलचा आणि व्हिम हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, दोन्ही टर्मिनलमध्ये म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालतात. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं नेट, अधूनमधून लाइन जाणं. एवढ्यावर ही जोडी बिनतक्रार काम करते. खरा त्रास एकच होता, पेस्टचा. सोयाबीन-तुरीच्या आवकेचा तक्ता किंवा परिपत्रकातला उतारा पत्रात टाकला की ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जायच्या, नाहीतर मधेच तुटायच्या. (खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा.)

आधी कारण. टर्मिनल मजकूर पाठवतो तेव्हा तो पेस्ट केलेला आहे की बोटांनी टाइप केलेला, हे व्हिमला आपोआप कळत नाही. त्यामुळे ऑटोइंडेंट (ओळीच्या सुरुवातीला आपोआप जागा सोडणं) चालू असेल तर मागच्या ओळीची मोकळी जागा पुढच्या ओळीला लागते, त्यात मूळ मजकुराची स्वतःची जागा मिळते आणि पायऱ्या तयार होतात. शिवाय मेलची फाइल उघडली की व्हिम टेक्स्टविड्थ (ओळीची कमाल लांबी) ७२ करतो, म्हणून लांब ओळी तिथे तुटतात. इन्सर्ट मोडमधून (टाइप करण्याच्या अवस्थेतून) बाहेर पडायला ‘जेके’सारखं मॅपिंग, म्हणजे अक्षरांना दिलेलं वेगळं काम, केलेलं असेल आणि पेस्टमध्ये ती अक्षरं आली, तर पुढचा सगळा मजकूर आज्ञा म्हणून चालतो. नुकसान झालंच तर एस्केप दाबून ‘यू’ दाबा; साध्या पेस्टला बहुतेक वेळा एकदाच पुरतो.

‘:सेट पेस्ट’ हा जुना उपाय सगळे सांगतात. तो चालतो, पण कायम चालू ठेवू नका. त्यात ऑटोइंडेंट आणि टेक्स्टविड्थ बंद होतात, सोबत इन्सर्टमधली मॅपिंग आणि संक्षेपही बंद पडतात. ‘:सेट नोपेस्ट’ करायचं राहिलं की पुढचं सगळं पत्र एकेका लांबलचक ओळीत जातं. व्हिमआरसीमध्ये (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘सेट पेस्ट’ लिहून ठेवणं तर चूकच.

पक्का इलाज म्हणजे ब्रॅकेटेड पेस्ट. यात टर्मिनल पेस्टच्या आधी आणि शेवटी खुणेचे संकेत पाठवतो, त्यामुळे मधला मजकूर व्हिम जसाच्या तसा घेतो. २०१७ पासूनच्या व्हिम ८ मध्ये ही सोय आहे, पण ती आपोआप लागू होते ती मुख्यतः टर्मिनलचं नाव ‘एक्सटर्म’ने सुरू होत असेल तेव्हा. टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारे प्रोग्राम) काम करणाऱ्यांची गोची इथेच होते, कारण तिथे नाव ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ असतं. तपासायला ‘:सेट टी_बीई?’ द्या (यातली ‘बीई’ मात्र मोठी अक्षरं). उत्तर रिकामं आलं तर ‘:हेल्प एक्सटर्म-ब्रॅकेटेड-पेस्ट’ उघडा. तिथे काही ओळींचा तयार तुकडा आहे, तो व्हिमआरसीमध्ये घाला. त्यातली अट फक्त ‘स्क्रीन’ची असते, टीमक्ससाठी ‘टीमक्स’ हे नावही त्या अटीत जोडावं लागतं, हे बरेचजण विसरतात.

लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर टर्मिनल उघडण्याच्या सोयीने) जोडलेलं असेल आणि नेट मंद असेल, तर संकेताचे तुकडे वेगवेगळे पोचण्याची शक्यता असते. टीटाइमआउटलेन (संकेत पूर्ण होण्याची वाट किती मिलिसेकंद पाहायची) १० सारखा लहान ठेवला असेल तर व्हिम पहिल्या एस्केपलाच थांबतो आणि उरलेली अक्षरं आज्ञा समजतो. आमच्याकडे १०० ठेवल्यावर हे थांबलं.

लॅपटॉपवरच व्हिम असेल तर क्लिपबोर्ड रजिस्टर आणखी सोपं. नॉर्मल मोडमध्ये (एस्केप दाबल्यावरच्या, आज्ञा देण्याच्या अवस्थेत) दुहेरी अवतरण, अधिक चिन्ह आणि ‘पी’. यात मजकूर टाइप होत नाही, म्हणून बिघडायला वावच नाही. मात्र ‘व्हिम --व्हर्जन’मध्ये क्लिपबोर्डच्या आधी अधिक चिन्ह हवं. डेबियनच्या साध्या व्हिम पॅकेजमध्ये तिथे वजा असतो. ‘व्हिम-जीटीके३’ बसवलं की काम होतं. एसएसएचने जोडलेल्या सर्व्हरवर हा मार्ग सहसा चालत नाही, कारण तिथला व्हिम तुमच्या लॅपटॉपचा क्लिपबोर्ड पाहू शकत नाही.

मटमध्ये टेक्स्ट_फ्लोड (वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे ओळी जुळणारा मजकूर) चालू करून व्हिमच्या फॉरमॅटऑप्शन्समध्ये ‘ए’ घातला असेल, तर वरचं सगळं करूनही तक्ता मोडू शकतो. ‘ए’ परिच्छेद सतत जुळवत राहतो, म्हणून तक्त्यात नंतर एखादा आकडा बदलला तरी ओळी एकमेकींत शिरतात. ‘डब्ल्यू’ (ओळीच्या शेवटी मोकळी जागा असेल तर परिच्छेद पुढे चालू) ठेवा, ‘ए’ काढा, आणि परिच्छेद हाताने ‘जीक्यूआयपी’ने जुळवा. ही आज्ञा तक्त्यावर कधीच वापरू नका.

स्प्रेडशीटमधला तक्ता टॅबसकट येतो. समोरच्याच्या मेलमध्ये फॉन्ट वेगळा असतो, म्हणून मराठी नावांचे रकाने तिथे जुळतीलच असं नाही. आकडे आधी आणि गावाचं किंवा पिकाचं नाव शेवटी लिहिलं, तर निदान आकडे सरळ दिसतात. वीसपेक्षा जास्त ओळी असतील तर तक्ता पत्रात टाकूच नका, मटच्या पाठवण्याच्या पडद्यावर ‘ए’ दाबून फाइल जोडा.

लाइन जाणाऱ्या गावात एक काम आधी करा. मट चालू पत्राची फाइल टीएमपी फोल्डरमध्ये ठेवतो, व्हिमची स्वॅप फाइलही (न साठवलेल्या बदलांची प्रत) तिथेच बनते, आणि काही लिनक्समध्ये मशीन बंद पडलं की ते फोल्डर रिकामं होतं. मटआरसीमध्ये (मटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘टीएमपीडीआयआर’ला होममधलं एखादं फोल्डर द्या. मग ‘व्हिम -आर’ने अर्धवट पत्र बहुतांश परत मिळतं.