अँटेनावरचा टीव्ही कॉम्प्युटरवर ५.१ मध्ये ऐकायचाय: ऑप्टिकल, एचडीएमआय, तीन जॅक की हेडफोन?

केबल बंद केली, अँटेना लावला, एचडीहोमरन नाहीतर हॉपॉगचा यूएसबी ट्युनर घेतला, एनबीसी-सीबीएस-फॉक्स सगळं कॉम्प्युटरवर स्वच्छ दिसतंय, पण आवाज मात्र पुढच्या दोनच स्पीकरमधून येतोय. अमेरिकेत राहणाऱ्या मित्रमंडळींकडून हा प्रश्न सारखा येतो, आणि बहुतेकजण लगेच ट्युनर बदलायला निघतात. थांबा, पैसे वाचवा. बिचाऱ्या ट्युनरचा यात काही दोष नसतो.

अमेरिकेतल्या एटीएससी १.० (तिथलं डिजिटल टीव्हीचं स्टँडर्ड) ब्रॉडकास्टमध्ये आवाज डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३ मध्येच येतो, साधारण ३८४ केबीपीएस, वरची मर्यादा ४४८. प्रोग्राम ५.१ मध्ये असेल तर पुढचे तीन, मागचे दोन आणि सबवूफरचा असे सगळे चॅनेल त्यातच असतात. ट्युनर फक्त ती स्ट्रीम उचलतो आणि जशीच्या तशी पुढे देतो, स्वस्त असो की महाग. पाचाचे दोन होतात ते त्याच्या पुढे, म्हणजे प्लेयरमध्ये, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये किंवा वायरमध्ये. त्यामुळे कुठला रस्ता घ्यायचा हे ठरतं ते तुमच्या घरात ऐकायला काय आहे त्यावर. रिसीव्हर (म्हणजे स्पीकर जोडायचा होम थिएटरचा अँप्लिफायर) आहे, टीव्हीला लावलेला साउंडबार आहे, कॉम्प्युटरचे सहा स्पीकर आहेत, की खाली शेजारी झोपतात म्हणून फक्त हेडफोन?

खरी लढत एचडीएमआय आणि ऑप्टिकलची आहे. ऑप्टिकल वायर, म्हणजे ती टोकाला लाल उजेड दिसते ती, तिच्यातून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आधीच उघडलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. पाच चॅनेल हवे असतील तर एसी-३ न उघडता तसाच पाठवायचा आणि रिसीव्हरने तो डीकोड करायचा, यालाच पासथ्रू म्हणतात. विंडोजमध्ये ऑप्टिकल आउटपुटला ५.१ चा ऑप्शन का दिसत नाही म्हणून लोक तासन् तास ड्रायव्हर शोधत बसतात, पण तो दिसणारच नाही, तिथे स्टिरिओच असतं. सेटिंग प्लेयरमध्ये करायचं. व्हीएलसीत ऑडिओच्या प्रेफरन्समध्ये एचडीएमआय/एसपीडीआयएफ पासथ्रू चालू करा, कोडी नावाच्या प्लेयरमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या ऑडिओमध्ये पासथ्रूला परवानगी द्या आणि डॉल्बी डिजिटल चालणारा रिसीव्हर आहे असं सांगा, झालं.

एचडीएमआयचं तसं नाही. त्यातून पीसीएमचेही आठ चॅनेलपर्यंत जातात, म्हणजे कॉम्प्युटरनेच एसी-३ उघडून पाच अधिक एक चॅनेल सुटे करून पाठवले तरी चालतं, आणि हवं असेल तर इथेही पासथ्रू आहेच. विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनलमध्ये एचडीएमआय आउटपुट निवडून कॉन्फिगरमध्ये ५.१ करायचं एवढंच काम.

आता दोन्हीमध्ये आवाज कशाचा चांगला? माझं स्पष्ट मत, काही फरक नाही. तोच ३८४ केबीपीएसचा एसी-३ आहे, तो कॉम्प्युटरमध्ये उघडला काय आणि रिसीव्हरमध्ये उघडला काय, त्याची क्वालिटी वाढत नाही. 'पासथ्रू म्हणजे शुद्ध आवाज' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. फरक पडतो तो रोजच्या वापरात, आणि तिथे भरपूर पडतो. पासथ्रूमध्ये कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम चालत नाही, रिसीव्हरचा रिमोट शोधावा लागतो. रेकॉर्ड केलेली मॅच थोड्या जास्त स्पीडने बघायची असेल तर आवाज बंद किंवा पासथ्रू बंद. आणि सगळ्यात वैताग म्हणजे ५.१ मधून स्टिरिओमध्ये उडी. काही स्टेशनवर प्रोग्राम ५.१ मध्ये आणि मध्येच एखादी गोष्ट २.० मध्ये येते, मग रिसीव्हर टक् करतो, नवीन फॉरमॅट पकडतो आणि पहिला शब्द खाऊन टाकतो. पीसीएममध्येही प्लेयर कधीकधी अडखळतो, पण चॅनेलची संख्या कायम ५.१ ला ठेवायची सोय असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

पासथ्रूच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. एसी-३ च्या आत आवाजाच्या चढउताराची माहिती पण येते, त्यामुळे रिसीव्हरवर नाइट मोड लावला की स्फोट दबतात आणि बोलणं ऐकू येतं. घरात बाळ झोपलेलं असेल तर हे सोनं आहे. कॉम्प्युटरने डीकोड केलं तर हे काम प्लेयरवर येतं, कोडीत व्हॉल्यूम अँप्लिफिकेशन वाढवून जवळपास तसं करता येतं, आणि ते पासथ्रूमध्ये चालत नाही हेही लक्षात ठेवा.

म्हणजे एचडीएमआयवाला रिसीव्हर घरात असेल तर कॉम्प्युटर थेट त्याला जोडा, पीसीएम ५.१ पाठवा, वाद संपला. रिसीव्हर जुना असेल आणि फक्त ऑप्टिकल घेत असेल तर तो टाकून नवीन घ्यायची अजिबात गरज नाही, टीव्ही ब्रॉडकास्टसाठी ऑप्टिकलमध्ये काहीच कमी पडत नाही. कमी पडतं ते गेमसाठी, कारण गेमचा आवाज एसी-३ नसतो, तो ऑप्टिकलवरून दोनच चॅनेलमध्ये जातो, आणि तिथे डॉल्बी डिजिटल लाइव्ह करणारं, म्हणजे गेमचा आवाज चालता चालता एसी-३ मध्ये बदलणारं साउंड कार्ड लागतं. लॅपटॉपवर ऑप्टिकल सहसा नसतंच, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मागे बघा.

साउंडबारवाल्यांनी मात्र इथे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कॉम्प्युटरची एचडीएमआय टीव्हीला आणि टीव्हीपासून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरूनच बाहेर पाठवायची सोय) साउंडबार, अशी मांडणी असेल तर विंडोजला समोर टीव्ही दिसतो आणि टीव्ही बहुतेक वेळा 'मी स्टिरिओ' असं सांगतो. साध्या एआरसीतून पीसीएमचे पाच चॅनेल जातच नाहीत, एसी-३ मात्र जातो. म्हणजे वर जे एचडीएमआयसाठी सांगितलं त्याच्या बरोबर उलट, इथे पासथ्रूच करायचं. टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटच्या सेटिंगमध्ये पीसीएम असेल तर ते बदलून ऑटो किंवा पासथ्रू करा, नाहीतर टीव्हीच मध्ये बसून स्टिरिओ करून टाकेल. टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे एआरसीचा सुधारलेला प्रकार असेल तर पीसीएमही जाऊ शकतं. साउंडबारला मागचे वेगळे स्पीकर नसतील तर एवढी खटपट करून मागून आवाज फारसा येणार नाही, पण सेंटर चॅनेल असलेला बार असेल तर बोलणं सुटं आणि स्पष्ट येतं, आणि मला विचाराल तर टीव्हीवर ५.१ चा निम्मा फायदा तोच आहे.

तीन जॅकचा रस्ता, हिरवा पुढचा, काळा मागचा, केशरी सेंटर आणि सबवूफरचा. कॉम्प्युटरचे सहा स्पीकर आधीच टेबलाभोवती असतील तर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीचा, कारण डीकोड कॉम्प्युटरच करतो, व्हॉल्यूम चालतो, गेमही ५.१ मध्ये येतात. लॅपटॉपला ५.१ चं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागेल. नवीन सेट घेणार असाल तर लॉजिटेक झेड९०६ सारखा घ्या, त्यात सहा चॅनेलचं इनपुट पण आहे आणि ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटल तो स्वतः डीकोड करतो. फक्त हॉलमध्ये सोफ्यामागे वायर ओढायच्या असतील तर घरातून परवानगी आधी काढा!

हेडफोनचं थोडक्यात. विंडोज सॉनिक फुकट आहे, चालू केलं की विंडोज प्लेयरकडून मल्टीचॅनेल घेतं आणि दोन कानात बसवतं. डॉल्बी अ‍ॅटमॉस फॉर हेडफोन्स विकत आहे. आधी फुकटचं वापरून बघा, काहींना ते आवडतं, काहींना आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. हेडफोनसाठी पासथ्रू बंद ठेवायचं, एसी-३ तसाच पाठवून हेडफोनला काही कळणार नाही.

अजून एक खड्डा म्हणजे ब्राउझर. ट्युनर प्लेक्स किंवा जेलीफिन अशा घरच्या मीडिया सर्व्हरला जोडून क्रोममध्ये बघत असाल तर क्रोम एसी-३ उघडत नाही, मग सर्व्हर आवाज बदलून देतो आणि बऱ्याचदा तिथेच स्टिरिओ होतं. त्यांचं डेस्कटॉप अ‍ॅप वापरा, नाहीतर सरळ कोडी. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन इन्स्टॉलमध्ये एसी-३ कोडेक येत नाही, पण व्हीएलसी आणि कोडीकडे स्वतःचा डीकोडर असल्याने त्यांना फरक पडत नाही.

खात्री कशी करायची? व्हीएलसीत टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन उघडा, चॅनेलपुढे ३एफ२आर/एलएफई दिसलं तर ५.१ येतंय, स्टिरिओ दिसलं तर तो प्रोग्रामच स्टिरिओ आहे, मग सेटिंगशी मारामारी करू नका. जुन्या मालिका दाखवणारे सबचॅनेल सहसा २.० च असतात, टेस्टसाठी संध्याकाळची एनएफएल मॅच बघा, प्रेक्षक मागून ओरडायला पाहिजेत. दुसरा ऑडिओ ट्रॅक निवडला गेला असेल तर अचानक स्पॅनिश ऐकू येईल, तेव्हा पहिला ट्रॅक लावा. आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर पासथ्रूत डॉल्बी डिजिटल, पीसीएममध्ये मल्टी चॅनेल असं काहीतरी यायला हवं. तिथे प्रोलॉजिक दिसत असेल तर दोन चॅनेलचेच पाच केले जातायत, मागून आवाज येतोय म्हणून खूश होऊ नका.

ट्युनर नवीन घ्यायचाच असेल तर एटीएससी ३.० (त्याच स्टँडर्डची नवी पिढी) बघून जास्तीचे पैसे टाकायचे का? आवाजासाठी तर मी आत्ता नाही टाकणार. त्यात एसी-३ च्या जागी एसी-४ आहे, तो साधारण पीसी प्लेयरमध्ये उघडत नाही आणि जुन्या रिसीव्हरलाही कळत नाही, वर बऱ्याच स्टेशननी सिग्नल एन्क्रिप्ट केलाय. तीच चॅनेल्स एटीएससी १.० वर ५.१ सकट येतायत तोवर १.० चा ट्युनर पुरेसा आहे, उरलेल्या पैशात अँटेना चांगला घ्या, कारण सिग्नल तुटला की चित्राच्या आधी आवाजच कानाला टोचतो.