लोक अभिरक्षक कार्यालय: सरकारी खर्चाचा वकील कितपत कामाचा?

घरातल्या कुणाला अटक झाली की दागिने मोडायचा विचार आधी येतो. तो थांबवा आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं लोक अभिरक्षक कार्यालय गाठा, असं आमचं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतलं, आरोपींना मोफत वकील देणारं हे कार्यालय. इथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खाजगी केस घेता येत नाही. जुन्या पॅनेल पद्धतीत (प्राधिकरणाच्या यादीवरच्या खाजगी वकिलांना केस वाटायची पद्धत) वकिलाच्या खाजगी केसची तारीख आडवी आली की मोफतची केस मागे पडायची. इथे ती अडचण नाही.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांनाही नाही. तहसीलचा दाखला आणा म्हणून कुणी परत पाठवलंच, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ दाखवा. अटक व्हायची असेल आणि अटकपूर्व जामीन हवा असेल, तर मात्र इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा लागते.

सेवा सगळ्यात लंगडी पडते ती पोलीस ठाण्यात. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३८ मध्ये आहे (पूर्णवेळ शेजारी बसवायचा नाही), पण प्रत्यक्षात वकील बहुतेकदा भेटतो तो २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करतात तेव्हा. म्हणून अटकेचं कळताच १५१०० वर फोन करा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे नातेवाइकाच्या सहीने साधा अर्ज द्या.

रिमांडच्या, म्हणजे कोठडी ठरवणाऱ्या सुनावणीच्या, वेळी वकिलाला कागद वाचायला पाच मिनिटंही मिळत नाहीत. घरच्यांनी एकाच कागदावर लिहून हातात द्यावं: एफआयआर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, घरातून नेल्याची वेळ आणि कागदावर अटक दाखवल्याची वेळ, चालू औषधं, अंगावरच्या जखमा. या दोन वेळांमधलं अंतर फार महत्त्वाचं असतं, तेच नेमकं राहून जातं. मारहाण झाली असेल तर ती आरोपीने स्वतः, तिथेच, मॅजिस्ट्रेटला सांगायची.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे मुदतीचा जामीन. पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आलं नाही, तर जामीन हा हक्क ठरतो. दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, तो दिवस धरून मोजायचे. अर्ज मात्र दोषारोपपत्र येण्याआधी पडायला हवा. ते आधी आलं की हक्क गेला. कार्यालयावर केसेसचा भार असतो, त्यामुळे ही तारीख घरच्यांनीच कॅलेंडरवर लिहावी आणि चार दिवस आधी आठवण करावी.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून माणूस आत राहतो, तिथे ही सेवा खाजगी वकिलापेक्षा उजवी वाटते. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने सचिवांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. रक्कम कमी करणं किंवा जामीनदाराऐवजी रोख जामीन, यासाठी अर्ज करायला लावा.

फी, टायपिंग, नकला, सगळं मोफत. झेरॉक्सच्या नावाखाली जरी पैसे मागितले तरी सचिवांकडे लेखी तक्रार करा. कारण लिहून वकीलही बदलून मागता येतो.

तालुक्याच्या कोर्टात अजून पॅनेलचाच वकील मिळतो, तिथे पाठपुरावा जास्त लागतो. आणि एकाच गुन्ह्यात दोन आरोपी एकमेकांवर बोट दाखवत असतील, तर दोघांचा बचाव एकाच कार्यालयाकडे ठेवू नका. एकासाठी पॅनेलवरचा स्वतंत्र वकील मागा, तोही पहिल्याच अर्जात.