ऑनलाइन भाडेकरार नोंदणी, ठाणे: परवानगी मागत नाही, म्हणून चांगली

सरकारी सेवा जोखायला एक साधी कसोटी पुरते. खिडकीपलीकडचा माणूस ‘तुमचं दोघांचं काय ठरलंय?’ असं विचारतो, की ‘हे ठरवायला तुम्हाला कोणी सांगितलं?’ असं? नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, ई-नोंदणी बहुतेक वेळ पहिला प्रश्न विचारते. भाडं किती, डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, यात तिचं स्वतःचं काही म्हणणं नसतं. साठ महिन्यांची कमाल मुदत सोडली, तर करार तुमचा आणि शिक्का तिचा. राज्यानं मुनीम आणि साक्षीदार एवढंच व्हावं असं मानणाऱ्या स्वातंत्र्यवाद्याला याहून फार काही नको असतं.

आधी पैसे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं.

समजा कासारवडवलीचा फ्लॅट, भाडं २५,०००, डिपॉझिट एक लाख. ११ महिन्यांचा करार केला तर सुमारे ७१० रुपये मुद्रांक आणि १,००० फी. असे तीन करार लागोपाठ केले की ३३ महिन्यांत ५,१३० रुपये जातात. तेच ३३ महिने एकाच करारात लिहिले तर मुद्रांक सुमारे २,१३१ आणि फी एकदाच, म्हणजे ३,१३१. दरवर्षीची भाडेवाढ त्याच करारात टप्प्याटप्प्यानं लिहिता येते. मुद्रांक अर्थातच वाढीव भाड्यावर मोजला जातो. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची रीत आली. इथे मात्र १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ करार नोंदवणं सक्तीचं करतं आणि त्यात मुदतीची सूट नाही.

डिपॉझिटवरच्या त्या १० टक्क्यांची मात्र गंमत आहे. सरकार स्वतः पीपीएफवर इतकं व्याज देत नाही, पण तुम्हाला ते मिळतंच असं धरून चालतं. हेवी डिपॉझिटवाल्यांना हे जाणवतं. तरी रक्कम बेताचीच: दहा लाख डिपॉझिट, भाडं शून्य, दोन वर्षं, तर मुद्रांक ५००.

आता प्रत्यक्ष काम. संकेतस्थळावर नोंद सुरू केली की टोकन क्रमांक मिळतो. तो आणि पासवर्ड लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. मिळकत, दोन्ही पक्ष, भाडं व अटी, मग ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून भरणा, मसुदा, आणि शेवटी आधारवर अंगठा व वेबकॅमवर फोटो. मालक, भाडेकरू आणि दोन ओळखदार, चौघांचेही. चौघांनी एकाच जागी बसायची गरज नाही; मालक नौपाड्यात आणि भाडेकरू नेरूळला असला तरी त्याच टोकनवर काम पुढे सरकतं. ही सोय खरोखर उत्तम आहे.

सर्वांत जास्त घोळ मिळकतीच्या पानावर होतो. ‘घोडबंदर रोड’ हे गाव नाही. तिथे महसुली मौजे, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीतलं गाव, लागतं: कावेसर, कोलशेत, ओवळे, माजिवडे, जे असेल ते. बिल्डरच्या जाहिरातीवर जाऊ नका. घर घेतल्याच्या सूची क्रमांक २ वर (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) जो मौजे आणि सर्व्हे नंबर छापलाय, तोच जसाच्या तसा घाला. नवी मुंबईत सिडकोचा नोड, सेक्टर आणि भूखंड क्रमांक बघा. चूक नोंदणीनंतर सापडली तर चूकदुरुस्तीपत्राचा नवा दस्त करावा लागतो. चलन करतानाही जिल्हा आणि कार्यालय दोनदा वाचा. चुकीच्या कार्यालयाच्या नावानं भरलेले पैसे परत मागणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं.

अंगठा उमटत नसेल तर आधी बायोमेट्रिक लॉक तपासा. अनेकांनी ते एम-आधारमध्ये कधीतरी चालू केलेलं असतं आणि विसरलेले असतात. लॉक नसेल तर दुसरं बोट लावा. वयस्कर माणसांची, भांडी-धुणी करणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात, अंगठ्याचाच हट्ट नको. स्कॅनर जुना असेल तर तोही कारण असू शकतो: आधारसाठी आता एल-वन दर्जाची उपकरणं लागतात, आधीची एल-झीरो बाद होत गेली. ज्याच्याकडे आधारच नाही त्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढावी लागते. इथे गुण कापायला हवेत. दोन माणसांचा करार नोंदवायला ओळख पटवणं समजतं. ती एकाच कार्डानं पटली पाहिजे हा हट्ट समजत नाही.

एजंटांना शिव्या देण्यात अर्थ नाही. स्कॅनर घेऊन माणूस घरी येतो, रविवारी येतो, त्याचे पैसे घेतो. हा सरळ व्यवहार आहे. फक्त सरकारी भरणा आणि त्याची मजुरी असे दोन आकडे वेगळे लिहून मागा. ग्रासचं चलन तुमच्या हातात येतं, त्यावर ताडून बघा.

अटींच्या पानावर कंजूषी करू नका. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो), नोटीस, महावितरण आणि गॅसचं बिल कोणाचं, रंगाचे पैसे कापायचे की नाही, पंखे-गीझरची यादी, सगळं लिहा. कारण नोंदणीचा खरा मोबदला १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. राहत्या घराची मुदत संपून भाडेकरू हलला नाही तर मालक दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूनं प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी घ्यावी लागते, लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरला जातो, आणि मुदतीनंतरच्या राहण्याला दुप्पट दरानं भरपाई लागते.

याची किंमत कळायला मागे बघावं लागतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईत भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून सुटायला लोकांनी ‘भाडं’ हा शब्द टाळून ‘लायसन्स’ काढलं. मग १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्यानं संरक्षित भाडेकरू करून टाकलं, आणि मालकांनी घरं कुलुपात ठेवणं पसंत केलं. भाडेकरूची दया आली म्हणून केलेल्या कायद्यानं भाडेकरूलाच घर मिळेनासं झालं. आज घोडबंदरला अनोळखी माणसाला घर देताना मालक फारसा कचरत नाही, त्यामागे ते कलम २४ आहे.

म्हणूनच कलम ५५ ची शिक्षा खटकते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात दुसरी, पुरेशी तरतूद आहे: करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. एवढा धाक असताना तुरुंग कशाला? यात लुबाडला गेलेला कोण आहे?

सोबत दोन जोडकामं येतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ही माहितीच आहे, परवानगी नव्हे. ‘ना हरकत’ हा शब्द कोणी वापरला तर दुरुस्त करा, आणि पोचपावती जपा. दुसरी सोसायटी. २०१४ चे आदर्श उपविधी जिने स्वीकारलेत तिची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्यानं सोसायटी लावते ते) ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि ते मोजताना महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. बिलावर पूर्ण मेंटेनन्सचे १० टक्के लावलेले दिसले तर कमिटीकडून सेवाशुल्काची फोड लेखी मागा.