कुक बेटांचा नाणेसंच: माल उत्तम, पाकीट मात्र बदला

जळगावच्या सराफ बाजारालगत जुन्या नाण्यांच्या दुकानात हा संच मिळतो. संग्रहाची आवड असेल तर जरूर घ्यावा.

दक्षिण प्रशांत महासागरातल्या कुक बेटांचा डॉलर १९७२ साली सुरू झाला, न्यूझीलंडच्या डॉलरच्या बरोबरीचा. संचाची शान १९८७ च्या मालिकेत आहे: १ डॉलरचं नागमोडी कडेचं, ५ डॉलरचं बारा कोनांचं आणि २ डॉलरचं चक्क त्रिकोणी नाणं. सोबत ३ डॉलरची नोट. तिच्यावर शार्कवर स्वार झालेली, तिथल्या दंतकथेतली इना; इतकी देखणी नोट क्वचितच पाहायला मिळते! नोट उजेडात तिरपी धरून मधली घडी तपासा. घडी असेल तर भाव पाडून मागा.

दुकानदार नाणी मऊ पीव्हीसी पाकिटात देतो, ते खटकलं. खान्देशी उन्हाळ्यात हे प्लास्टिक पाझरतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. घरी आणताच नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटात हलवा. थर धरलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये (पटकन पेट घेणारं द्रावक) बुडवून काढा, पण खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. चिंच किंवा भांड्यांची पावडर अजिबात लावू नका. चरे पडले की संग्राहक त्या नाण्याला हात लावत नाहीत.